महासाथीतील शुश्रूषागृहे: संसर्ग नियंत्रणाचे निकष होते, मग ते कोठे तुटले?

अक्षरवेल

ज्या शुश्रूषागृहांत वृद्ध आणि परावलंबी माणसे महिनोन्‌महिने, कित्येकदा अखेरपर्यंत राहतात, तेथे कोविडच्या महासाथीत जे घडले त्याविषयीची चर्चा अजूनही बहुधा ‘म्हातारी माणसे नाजूकच असतात’ या वाक्यापाशी येऊन थांबते. हे वाक्य खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे, आणि टाळता येण्याजोग्या अनेक गोष्टी त्याच्या आडोशाला राहतात, म्हणून हा धागा काढत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचे संचालक हान्स क्लूगे यांनी २३ एप्रिल २०२० रोजी सांगितले होते की, युरोपातील देशांच्या अंदाजानुसार कोविडने दगावलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक दीर्घकालीन सेवागृहांत राहणारे होते. कॅनडात पहिल्या लाटेत हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर गेले. तेथे सेवागृहांबाहेरचे मृत्यू तुलनेने कमी राहिल्यामुळे टक्केवारी फुगते, हे मान्य. पण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की, बाहेरच्या समाजाला ज्या उपायांनी सावरले ते उपाय या भिंतींच्या आत पोहोचलेच नाहीत.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस जो उद्रेक उघडकीस आला, त्याचा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. त्या एका गृहाशी संबंधित १६७ बाधित सापडले. त्यांत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेली माणसे होती, आणि बाधित रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. आरोग्ययंत्रणेने कारणे शोधली तेव्हा पुढे आले ते असे: कर्मचारी लक्षणे असतानाही कामावर येत होते, काही जण एकाहून अधिक ठिकाणी काम करत होते, संरक्षक साधने वापरण्याचा सराव अपुरा होता, साधनांचा आणि सॅनिटायझरचा साठाही पुरेसा नव्हता, आणि चाचण्या मिळण्यास उशीर झाला. चाचण्यांचा उशीर सोडला तर यांतील बहुतेक गोष्टी त्या नव्या विषाणूबरोबर आलेल्या नव्हत्या. अमेरिकेच्याच सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२० मध्ये दाखवून दिले की, २०१३ ते २०१७ या काळात तपासणी झालेल्या शुश्रूषागृहांपैकी ८२ टक्के ठिकाणी संसर्ग नियंत्रणातील त्रुटी निदान एकदा तरी नोंदवल्या गेल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी त्या लागोपाठ अनेक वर्षे नोंदवल्या जात होत्या. म्हणजे नियम होते, तपासनीस होते, अहवालही होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, संसर्ग नियंत्रणाचा निकष ज्याने पाळायचा, त्या माणसाला तो पाळणे परवडते का, हा प्रश्न निकष लिहितानाच विचारला पाहिजे. आजारी पडल्यावर घरी राहिल्यास ज्या मदतनिसाचा पगार कापला जातो, त्याच्यासमोर ‘लक्षणे असल्यास कामावर येऊ नये’ ही पाटी लावून काही साधत नाही. ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे किंवा ज्यांचे आप्त तेथे राहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

रातराणी

मी परिचारिका आहे आणि माझी बरीच वर्षे वृद्धांच्या शुश्रूषेत गेली आहेत. तुमच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. त्यात कामाच्या अंगाने काही भर घालते.

पहिली गोष्ट लक्षणांची. प्रवेशद्वारावर ताप मोजणे हा महासाथीतला सर्वांत ठळक दिसणारा उपाय होता, पण वृद्धांच्या बाबतीत तो सर्वांत कच्चाही होता. अतिवृद्ध माणसाला गंभीर संसर्ग होऊनही ताप चढत नाही, किंवा जेमतेम चढतो. म्हणूनच दीर्घकालीन सेवागृहांसाठीच्या वैद्यकीय मार्गदर्शनात तोंडात घेतलेले तापमान ३७.८ अंश सेल्सियसच्या वर गेले तरी दखल घ्यावी असे सांगितलेले असते. त्याहीपेक्षा आधी दिसतात त्या वेगळ्याच खुणा: काल नीट बोलणारी व्यक्ती आज बरळते, जेवण अर्धे टाकते, विनाकारण पडते, दिवसभर झोपून राहते. हा बदल यंत्राला कळत नाही. रोज त्याच व्यक्तीला आंघोळ घालणाऱ्या मदतनिसाला तो कळतो, आणि ती मदतनीस दर आठवड्याला बदलत असेल तर तिलाही कळत नाही.

आणि लक्षणे अजिबात नसलेल्यांचे काय? कर्कलंडच्याच परिसरातील दुसऱ्या एका शुश्रूषागृहात मार्च २०२० मध्ये ७६ रहिवाशांची सरसकट चाचणी केली गेली, तेव्हा ४८ जण बाधित निघाले आणि त्यांपैकी २७ जणांना त्या दिवशी एकही लक्षण नव्हते. पुढे त्या २७ पैकी २४ जणांना लक्षणे दिसू लागली. तोवर ते जेवणघरात बसत होते आणि त्यांना तीच माणसे उठवत-बसवत होती. हे निष्कर्ष हाती आल्यावरही कित्येक ठिकाणी ‘लक्षण दिसले की चाचणी’ हाच नियम चालू राहिला, याची मला आजही खंत वाटते.

दुसरी गोष्ट हातांची. हाताला सॅनिटायझर नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात आणि साबणपाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद. समजा एका मदतनिसाकडे सकाळच्या पाळीत दहा रहिवासी आहेत, प्रत्येकाला तिचा सहा वेळा स्पर्श होतो आणि प्रत्येक स्पर्शाच्या आधी व नंतर ती २५ सेकंद हात चोळते. तर नुसत्या हातांसाठी तिची ५० मिनिटे जातात. ही ५० मिनिटे पाळीच्या वेळापत्रकात कोणी धरलेली असतात का? मी तरी पाहिलेली नाहीत. मग ती हातमोजे चढवते आणि तेच मोजे घालून तीन खोल्या फिरते, कारण मोज्यांमुळे स्वतः सुरक्षित असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मोजे हातांइतकेच जंतू वाहून नेतात, आणि मोजे बदलताना हात स्वच्छ करणे चुकत नाही ते नाहीच.

पीपीई किट घालण्यापेक्षा उतरवणे अधिक धोक्याचे असते, हेही सांगितले पाहिजे. आधी मोजे, मग अंगरखा, मग हातांची स्वच्छता, त्यानंतर डोळ्यांवरचे आवरण आणि सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, मास्क, आणि पुन्हा हात, असा साधारण क्रम शिकवला जातो. थकलेल्या माणसाकडून तो पाळी संपताना चुकतो. त्यामुळे किट उतरवताना समोर दुसरे कोणी उभे राहून पाहत असणे हा चैनीचा भाग मानता येणार नाही. रात्री एकच कर्मचारी मजला सांभाळत असेल तर तो दुसरा माणूस आणायचा कोठून, हा प्रश्न मी अनेकदा विचारला आहे.

कवडसा

इमारतींच्या वायुवीजनाशी माझा व्यवसायाने संबंध आहे. रातराणी यांनी हातांविषयी लिहिलेले मोलाचे आहे, परंतु कोविडच्या बाबतीत हातांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष हवेकडे जायला हवे होते. सुरुवातीचे कित्येक महिने फरशा पुसणे, भिंती फवारणे आणि दाराच्या मुठी घासणे यांवर अतोनात श्रम खर्च झाले. पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीचचे पाणी) पुरते. त्याचा फवारा मारत खोल्याखोल्यांतून फिरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली नव्हतीच, उलट मे २०२० मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट लिहिले होते, आणि माणसांवर फवारणे तर कोणत्याही परिस्थितीत नको असे बजावले होते. श्वसनविकार असलेल्या वृद्धांच्या खोलीत क्लोरिनचा वास कोंडून ठेवणे हे स्वतःच एक दुखणे आहे.

हवा मात्र दिसत नाही, म्हणून तिची तपासणी होत नाही. निवासी व रुग्णालयीन जागा वगळता इतर इमारतींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये माणशी दर सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा हे किमान प्रमाण सुचवले, आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये तासाला पाच वेळा हवा बदलण्याइतके स्वच्छ वायुवीजन हे लक्ष्य ठेवले. शुश्रूषागृह हे घरही असते आणि दवाखानाही, त्यामुळे ते नेमके कोणत्या प्रमाणात बसते याचा निर्णय कित्येकदा कोणीच घेत नाही. बैठकीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहानसे यंत्र ठेवले तरी बरेच कळते: माणसे जमल्यावर आकडा ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) बराच वर चढून तेथेच रेंगाळत असेल, तर त्या खोलीत सगळे एकमेकांचा श्वास वापरत आहेत. खिडक्या उघडता येत नसतील तेथे हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कण अडवणारी) असलेले फिरते यंत्र उपयोगी पडते, पण ते खोलीच्या आकारमानाला पुरेसे हवे आणि आवाजामुळे रात्री कोणी बंद करून ठेवत नाही ना, हेही पाहायला हवे.

गर्दीविषयी तर मतभेदाला जागाच राहिलेली नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात सहाशेहून अधिक शुश्रूषागृहांचा अभ्यास झाला. एका खोलीत आणि एका न्हाणीघरामागे सरासरी किती रहिवासी आहेत, यावरून त्यांची विभागणी केली गेली. अधिक दाटीच्या गृहांत ९.७ टक्के रहिवासी बाधित झाले, कमी दाटीच्या गृहांत ४.५ टक्के, मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २.७ आणि १.३ टक्के होते. विषाणू आत शिरण्याची शक्यता दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक पडला तो शिरल्यानंतर. चौघांच्या खोलीत ‘विलगीकरण’ म्हणजे दोन खाटांमध्ये पडदा ओढणे, आणि पडद्याने हवा अडत नाही. म्हणून माझ्या मते स्वतंत्र खोली हा संसर्ग नियंत्रणाचाच निकष मानला पाहिजे, सोयीसुविधांच्या यादीतली बाब नव्हे.

हिशेबनीस

एका शुश्रूषागृहाचे व्यवस्थापन मी पाहिले आहे, त्यामुळे या धाग्यावर ज्याच्याकडे बोट दाखवले जाईल त्या बाजूने लिहीत आहे. वर लिहिलेले सर्व योग्य आहे आणि ते सर्व खर्चाचे आहे. निकष लिहिणारा विभाग आणि पैसे देणारा विभाग वेगळे असतात, व त्यांची गाठ क्वचितच पडते.

तरीही कोणता खर्च आधी करावा याविषयी महासाथीने बरेच शिकवले आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात झालेल्या ‘विवाल्डी’ सर्वेक्षणात दिसले की, जी सेवागृहे कर्मचाऱ्यांना आजारपणाची रजा पगारी देत होती तेथे रहिवाशांमधील संसर्ग कमी होता. आणि जी जवळपास रोज बाहेरच्या पुरवठादाराकडून माणसे मागवत होती तेथे तो अधिक होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० मध्येच कर्मचाऱ्याने एकाच गृहात काम करावे असा आदेश काढला. यातली कळीची बाब अशी की, आदेशाबरोबर वेतनाची पातळीही वर आणून समान करण्यात आली. केवळ बंदी घातली असती तर दोन ठिकाणी राबून पोट भरणाऱ्या माणसाने एक तर ते लपवले असते किंवा हे क्षेत्रच सोडले असते. अक्षरवेल, तुम्ही मांडलेल्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही.

मात्र एक गोष्ट आमच्या हातात नव्हती, आणि ती बोलली गेली पाहिजे. रुग्णालये रिकामी करण्याच्या घाईत रुग्णांना सेवागृहांकडे पाठवले गेले. इंग्लंडमध्ये १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात सुमारे २५,००० व्यक्ती रुग्णालयांतून सेवागृहांत गेल्या, आणि त्या सर्वांची आधी चाचणी करण्याचे धोरण १५ एप्रिलला आले. एप्रिल २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हे मार्च-एप्रिलमधले धोरण बेकायदा ठरवले, कारण लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडून वृद्धांना होणाऱ्या धोक्याचा विचारच त्यात केला गेला नव्हता. ज्या गृहात विलगीकरणाची एकही खोली मोकळी नाही, त्याने नवा रहिवासी नाकारायचा की स्वीकारायचा, हा निर्णय त्या गृहाच्या व्यवस्थापकावर एकट्यावर सोडणे अन्यायाचे आहे. नाकारले तर रुग्णालयाचा रोष, स्वीकारले तर आतल्या सर्वांना धोका. नवा प्रवेश घेण्यापूर्वी चाचणी व काही दिवसांचे अलगीकरण झालेच पाहिजे, आणि तोवर त्या व्यक्तीला ठेवण्याची जागा आरोग्ययंत्रणेने द्यावी, असा निकष पुढच्या साथीपूर्वी लिहून ठेवायला हवा.

पाऊलवाट

मी नातेवाईक म्हणून लिहीत आहे. माझी आई स्मृतिभ्रंशाने आजारी होती आणि भेटबंदीच्या काळात तिला माझे खिडकीपलीकडचे येणे समजत नसे; मी आत का येत नाही, एवढेच ती विचारत राही. तेथील कर्मचाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझा आक्षेप धोरणावर आहे.

वरच्या सर्व प्रतिसादांत भेटीस येणारा माणूस हा संसर्गाचा मार्ग म्हणूनच येतो. कर्कलंडच्या आकड्यांतही तो तसाच आला. परंतु अनेक गृहांत जेवण भरवणे, पाणी पाजणे, चालवून आणणे, वेणीफणी करणे ही कामे नातेवाईकच करत असतात. ते थांबले तेव्हा ती कामे आधीच अपुऱ्या असलेल्या मदतनिसांवर पडली किंवा कोणावरच पडली नाहीत. वजन घटणे, चालणे सुटणे, पाठीला जखमा होणे, बोलणे बंद पडणे, हे सर्व विलगीकरणाचे परिणाम आहेत, आणि त्यांची मोजदाद बाधितांसारखी रोज कोणी जाहीर करत नव्हते. स्मृतिभ्रंशाच्या व्यक्तीला ‘खोलीत थांबा’ हे सांगून कळत नाही. मग दार बाहेरून लावायचे का, की खुर्चीला बांधायचे? हा प्रश्न संसर्ग नियंत्रणाच्या पुस्तिकेने टाळला, तर त्याचे उत्तर रात्रपाळीतला एकटा माणूस घाईत देतो.

नेदरलँड्सने २० मार्च २०२० रोजी देशभर भेटबंदी लागू केली, पण मे महिन्यातच २६ शुश्रूषागृहे निवडून तेथे ठरावीक नातेवाइकाला नियम पाळून आत येऊ दिले आणि परिणाम बारकाईने नोंदवले. त्या भेटींमुळे नवा संसर्ग झाल्याचे आढळले नाही. हे मला शहाणपणाचे वाटते: बंदी घालतानाच ती कशी उठवायची याचा प्रयोग सुरू करणे. निदान एका नातेवाइकाला प्रशिक्षण देऊन, मास्क देऊन, कर्मचाऱ्यांसारखीच चाचणी करून ‘आवश्यक सेवक’ म्हणून आत घ्यावे, अशी माझी मागणी आहे. जो कर्मचारी रोज बाहेरून येतो त्याच्यापेक्षा आठवड्यातून दोनदा येणारी मुलगी अधिक धोकादायक कशी, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

अक्षरवेल

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याची दिशा अधिक नेमकी झाली. हिशेबनीस, समोरची बाजू इतक्या मोकळेपणाने मांडल्याबद्दल आभार.

निकष उत्तम असले तर काय होते आणि काय होत नाही, या दोन्हींसाठी हाँगकाँगकडे पाहावे असे मला वाटते. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर तेथे प्रत्येक वृद्ध-सेवागृहात संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी नेमून दिलेला कर्मचारी, साधनांचा साठा आणि नियमित कवायती यांची व्यवस्था लावण्यात आली. त्याचे फळ २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत दिसले: युरोप-अमेरिकेत सेवागृहांत हाहाकार उडाला असताना तेथे विषाणू दाराबाहेरच रोखला गेला. परंतु २०२२ च्या सुरुवातीस ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा याच सेवागृहांतील रहिवासी मोठ्या संख्येने दगावले. जागा दाटीची होती, जी बाब कवडसा यांनी मांडली आहे, आणि सेवागृहांतील वृद्धांचे लसीकरण फार कमी झाले होते. लस झेपणार नाही या काळजीने नव्वदीतल्या आजींना ती नको म्हणणारी कुटुंबे प्रेमापोटीच तसे म्हणत होती. ज्यांना आजार सर्वांत कमी झेपणार होता त्याच व्यक्ती त्यामुळे उघड्यावर राहिल्या. लस देण्याची घाई नव्हती कारण आत आजार नव्हता, आणि आजार आला तेव्हा लसीचा परिणाम होण्याइतका वेळ उरला नव्हता.

कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाबाबत मात्र माझे मत अजून पक्के झालेले नाही. इंग्लंडने नोव्हेंबर २०२१ मध्ये सेवागृहांतील कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली आणि मार्च २०२२ मध्ये ती सक्ती मागे घेतली. मधल्या काळात काही माणसे कायमची निघून गेली. माणूस गेल्याने होणारे नुकसान आणि लस न घेतलेला माणूस राहिल्याने होणारे नुकसान यांचे वजन कसे करावे, यावर येथे कोणी लिहिले तर बरे होईल.

हिशेबनीस

याबाबत थोडक्यात सांगतो. सक्तीपेक्षा पाळीच्या वेळेत, कामाच्याच जागी, पगारी वेळेतून लस देणे आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखल्यास रजा देणे यांनी माझ्याकडे अधिक काम झाले. ज्यांनी नकार दिला त्यांपैकी बहुतेकांच्या मनात लसीविषयीच्या शंकेपेक्षा व्यवस्थापनाविषयीचा अविश्वास अधिक होता. आधी मास्क पुरवता आले नव्हते, त्यामुळे नंतर दिलेल्या आश्वासनावर विश्वास बसायला वेळ लागला.

कवडसा

सर्व कर्मचारी एकाच वेळी बाहेर काढण्याचा धोकाही येथे नोंदवावासा वाटतो. मेलबर्नमधील एका सेवागृहात जुलै २०२० मध्ये उद्रेकानंतर सर्वच कर्मचाऱ्यांना संपर्कात आलेले म्हणून घरी पाठवण्यात आले आणि त्यांच्या जागी नवखी माणसे आणली गेली. कोणाला काय खाता येते, कोणाचे औषध कोणते, इतकेच काय, समोरची व्यक्ती कोण, हेही नव्यांना ठाऊक नव्हते, आणि हाल झाले ते रहिवाशांचे. तेव्हा राखीव मनुष्यबळाची योजना आधी केलेली असावी, आणि प्रत्येक रहिवाशाची एक पानी माहिती खाटेपाशी लिहिलेली असावी.

पाऊलवाट

रातराणी, आता एक व्यावहारिक प्रश्न. आप्ताला एखाद्या गृहात ठेवण्यापूर्वी संसर्ग नियंत्रणाविषयी काय विचारावे? माहितीपत्रकात सर्वत्र ‘उच्च दर्जाची स्वच्छता’ एवढेच लिहिलेले असते.

रातराणी

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि संध्याकाळी उशिरा जा. संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी कोणाकडे आहे ते विचारा, आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोणाकडे असते तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पटकन आले नाही तर पहिले उत्तर कागदापुरते समजावे. रात्री एका मजल्यावर किती रहिवाशांमागे किती कर्मचारी असतात, आणि एखादा आजारी पडल्यास त्याच्या जागी कोण येते, हे व्यवस्थापकाला न विचारता एखाद्या मदतनिसाला विचारा. आजारपणाच्या रजेचा पगार मिळतो का, हा प्रश्न परक्याने विचारणे अवघड वाटेल, तरी विचारा, कारण या धाग्यावर लिहिलेल्या निम्म्या गोष्टी त्या एका उत्तरावर अवलंबून आहेत. खोलीची खिडकी उघडून पाहा. सॅनिटायझरची बाटली खोलीच्या दाराशी आहे की केवळ स्वागतकक्षात, आणि ती भरलेली आहे का, तेही पाहा.

शेवटी एवढे विचारा की, आज रात्री कोणी बाधित निघाले तर त्याला कोणत्या खोलीत नेणार. चांगल्या गृहात तुम्हाला ती खोली उघडून दाखवतात, आणि सध्या तेथे कोणी राहत असेल तर त्या व्यक्तीला कोठे हलवायचे हेही त्यांनी आधीच ठरवलेले असते.